लाल ठिपक्याचं ताट

डूख धरावा तर डॉक्टर पंचशीला इंगोलेने. चिडणारी माणसं चिडतात, भांडतात, मोकळी होतात आणि संध्याकाळी एकत्र चहाही पितात. हिचं तसं नव्हतं. भाईंदर पश्चिमेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची ड्यूटी करता करता तिने एक राग रोज जेवू घालून मोठा केला, आणि तोही मालकिणीच्याच घरच्या अन्नावर.

गोष्ट जेवणाचीच आहे, म्हणून आधी तिच्या जेवणाचं सांगायला हवं.

पंचशीला परभणीची. वडील कोंडिराम पोस्टात होते. तरुणपणी एकदा चीवर घालून, थोड्या दिवसांचे भिक्खू होऊन, श्रामणेर शिबिराला बसले आणि घरी आले ते मटण-मासे सोडूनच. रोज सकाळी वंदनेत प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन म्हणायचं आणि रविवारी पिशवी घेऊन खाटकाच्या दारात उभं राहायचं, हे मला आता जमायचं नाही, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. भावकीने टर उडवली. कोंडिराम भटाळला म्हणाले. एका लग्नात कुणीतरी मुद्दाम त्यांच्या ताटात रस्सा ओतला, तर हा माणूस उठला, हात धुऊन आला आणि कोरडी भाकरी खाऊन घरी गेला. पुढे मुलगी झाली, तिचं नाव त्यांनी पंचशीला ठेवलं. लेक डॉक्टर झालेली बघायला ते राहिले नाहीत. तिला त्यांनी कधी शपथ घातली नव्हती, पण तिने ते व्रत असं पाळलं की जणू बाप अजून समोर पाटावर बसलाय.

आता इमर्जन्सीच्या ड्यूटीत शाकाहार पाळणं म्हणजे काय, हे ती ड्यूटी केलेल्यालाच विचारावं. जेवणाच्या वेळेला नेमका कुणीतरी विष प्यालेला येतो, कुणाचा हात यंत्रात सापडतो. कित्येक तासांनी मोकळं व्हावं तर खानावळ बंद, आणि बाहेर उघडी असते ती फक्त ऑम्लेट-पावची गाडी. औरंगाबादला इंटर्नशिप करताना बाकीची पोरं त्या गाडीवर तुटून पडायची आणि ही चिक्की चघळत, नळाचं पाणी पीत उभी राहायची. अगं अंडं तरी खा, नाहीतर पेशंटच्या शेजारी तुलाच सलाईन लावावं लागेल, असं सगळे म्हणायचे. एकदा खरंच चक्कर येऊन पडली. पण खाल्लं नाही ते नाहीच.

म्हणून चौऱ्याण्णव साली भाईंदरच्या नोकरीच्या मुलाखतीत ट्रस्ट चालवणारे ईश्वरभाई शेठ जेव्हा म्हणाले, की आमच्या आवारात अंडंसुद्धा आत येत नाही आणि ड्यूटीच्या डॉक्टरांना दुपारचं जेवण माझ्या घरून येतं, तेव्हा ती चक्क हसली. वाटलं, सुटले बाबा. मीरा रोडला पूनम सागरमध्ये एक खोली भाड्याने घेतली आणि रुजू झाली.

जेवण खरंच सुरेख असायचं. ईश्वरभाईंची बायको हंसाबेन स्वतः उभी राहून करवून घ्यायची आणि बरेचदा डबे घेऊन स्वतःच यायची. मऊसूत रोटली, गोडसर डाळ, कढी, दोन भाज्या, ताक. डॉक्टरांच्या खोलीत स्टीलची ताटं मांडायची आणि आग्रह करकरून वाढायची. पंचशीलाने पहिल्या दिवशी इतकं खाल्लं की तिची तिलाच लाज वाटली. हंसाबेन खूश झाली. मुलगी आपल्यासारखीच दिसते म्हणाली. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कढी वाढता वाढता सहज विचारलं, इंगोले म्हणजे तुम्ही कोण. पंचशीला म्हणाली, आम्ही बौद्ध. हंसाबेन हसली, छान म्हणाली, आणि कढी जरा उंचावरून वाढली.

त्याचं तिला त्या वेळी काही वाटलं नाही. कळलं ते पुष्कळ दिवसांनी, भांडी घासणाऱ्या विमलाबाई आल्या नव्हत्या त्या दिवशी. हिने आपलं ताट आपणच विसळलं, पालथं केलं, तर बुडाला लाल नेलपॉलिशचा टिकलीएवढा ठिपका. बाकीची ताटं उलटून पाहिली. एकालाही ठिपका नाही. तिने ते ताट इतरांबरोबर मांडणीत लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी विमलाबाई धावत आल्या आणि हळूच म्हणाल्या, मॅडम, तुमचं ताट खिडकीत असतं, ते मांडणीत नका ठेवू, बेन मला बोलतात.

तरी एखादी दुसरी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, गैरसमज असेल. पण त्याच आठवड्यात पंचशीला हात धुवायला मागच्या मोरीकडे गेली आणि आतून हंसाबेनचा आवाज आला. विमलाबाईंनी बिचाऱ्यांनी हिची बाजू घेतली असावी, मॅडम तर काहीच खात नाहीत असं काहीतरी. त्यावर हंसाबेन अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात म्हणाली, "ती खात नाही ते मला पण माहीत आहे, विमलाबाई. पण शाकाहार असा एका पिढीत येत नाही. तो रक्तात असावा लागतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. कोंडिराम डोळ्यांपुढे आले, रश्शाच्या ताटावरून उठणारे. भावकीने त्यांना भटाळलास म्हणून हिणवलं आणि इथे ही बाई म्हणतेय की रक्तातच नाही. मग त्या माणसाने आयुष्यभर कोरडी भाकरी चावली ती कुणासाठी? पंचशीला तशीच आत जाऊन हंसाबेनच्या तोंडावर ते ताट आपटणार होती. पण बाहेर अँब्युलन्सचा भोंगा वाजला आणि ती पेशंटकडे पळाली. आणि पळता पळता तिने ठरवलं, की नोकरी सोडायची नाही, डबा आणायचा नाही, रोज त्याच ताटात जेवायचं. एक दिवस या बाईला तिचंच वाक्य गिळायला लावायचं, आणि तेही चारचौघांत.

तेव्हापासून ती जेवण झालं की ताट उलटं करून तो ठिपका बघायची आणि मगच उठायची.

आता कमळाकरचं सांगायला हवं. कमळाकर म्हणजे हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. जवळच्या तारोडी गावचा कोळी, चाळिशीचा, गडगडून हसणारा. बापाची होडी विकल्यावर स्टिअरिंग धरलं. म्हावऱ्याशिवाय एक घास उतरत नसे, पण आवारात कधी आणलं नाही, बाहेर आंब्याखाली बसून डबा खायचा. पेशंटच्या गर्दीत जेवण हुकलं की पंचशीला ग्लुकोजची बिस्किटं खाऊन राहते, कारण हंसाबेनचे डबे दुपारीच परत जातात, हे सगळ्या हॉस्पिटलात फक्त याच्या लक्षात आलं. त्याने घरी बायकोला सांगितलं. शालू भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची. तिने विचार केला, आपल्या घरात एक भांडं असं नाही ज्यात म्हावरं शिजलं नाही. मग त्यात केलेलं वाल-भात त्या पोरीला कसं चालेल? तिने टोपली रिकामी झाल्यावर भांड्यांच्या दुकानातून नवा टोप घेतला, सोबत पळी घेतली, आणि घरात दोन्ही वेगळ्या खिळ्याला टांगून ठेवली. पोरांना दम दिला, की या टोपाला हात लावाल तर बघा, बायच्या बापाचं वचन हाय ते.

हे सगळं कमळाकरने तिला हसत हसत सांगितलं होतं. टोप तिने कधी पाहिला नाही. तिच्यापर्यंत यायचा तो डबा. कधी वालाचं बिरडं, कधी चवळी, तांदळाची भाकरी. जेवण हुकलेल्या दिवशी तो डबा उघडला की तिला भरून यायचं.

आणखी एक नातं होतं. दोघांचंही रक्त बी निगेटिव्ह. चेणे गावची एक बाळंतीण रक्तस्रावाने गार पडत आली होती, तेव्हा दोघांनी शेजारशेजारच्या खाटांवर झोपून एकेक बाटली दिली होती. तेव्हापासून कमळाकर म्हणायचा, आपुन दोघं एका रगताची, तुमी माझी भैन. ती पण त्याला दादा म्हणायला लागली.

आणि मग एका भर दुपारी तो दिवस उगवला. हंसाबेन आणि तिचा मुलगा अल्पेश घोडबंदर रोडने ठाण्याहून येत होते. चेण्याच्या वळणावर ट्रकने गाडी उडवली. अल्पेशला खरचटलं, हंसाबेनच्या पोटात मार बसला. कमळाकरनेच अँब्युलन्स पिटाळत दोघांना आणलं. पंचशीलाने बाईचे डोळे उघडून पाहिले, पोटावर हात ठेवला, आणि सर्जनला बोलावणं धाडलं. पोट रक्ताने भरत होतं. गट तपासला. बी निगेटिव्ह. बोरिवलीच्या रक्तपेढीत फोन केला तर त्या गटाचं रक्त नाही. ठाण्याहून येईपर्यंत बाई राहील याची खात्री नाही. सर्जन म्हणाले, ऑपरेशन सुरू करायला एक बाटली तरी हातात द्या, पुढचं पुढे बघू.

हॉस्पिटलात हे रक्त दोनच अंगांत होतं आणि ती दोन्ही माणसं तिथेच उभी होती.

अल्पेश कॉरिडॉरमध्ये डोक्याला पट्टी बांधून बसला होता. हॉस्पिटलचा कारभार तोच बघायचा. त्याने पंचशीलाला बाजूला घेतलं. म्हणाला, "डॉक्टर, डोनर प्युअर व्हेज पाहिजे. मम्मीला नंतर कळलं ना, की कुणाचं पण चढवलंय, तर ती जगून पण मेल्यासारखी होईल." रडत होता बिचारा, पण बोलला हेच.

त्याक्षणी पंचशीलाच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. इतके दिवस जे शोधत होती ते तिच्या हातात आणून ठेवलं होतं त्याने. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, काळजी करू नका, माझं रक्त बी निगेटिव्ह आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग ती आत गेली आणि कमळाकरला म्हणाली, दादा, झोपा. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. सकाळी काय खाल्लं म्हणून तिनेच विचारलं, तर म्हणाला, भात नि बोंबलाचं कालवण, दाबून जेवलंय, एक काय दोन बाटल्या घ्या. तिने रक्त जुळवून, तपासून घेतलं, त्यात कसूर केली नाही. डॉक्टर म्हणून जे करायचं ते चोख केलं. बाटली थिएटरात गेली. कमळाकरला तिने सांगितलं, की एवढ्यात कुणाला बोलू नका. पुण्याचं काम बोलून दाखवायचं नसतं असं समजून त्याने मान डोलावली. मग पंचशीलाने स्वतःच्या कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा ठेवला, वर चिकटपट्टी लावली, बाही नीट वर केली आणि अल्पेशच्या समोरून दोनदा गेली.

अशी ती बाई. मी म्हटलं ना, डूख.

हंसाबेन वाचली. टाके काढले, घरी गेली, हिंडूफिरू लागली. आणि मग ईश्वरभाईंनी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये सगळ्या स्टाफला जेवण दिलं. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, सगळे. भारतीय बैठक, ओळीने ताटं. पंचशीला आली तर हंसाबेनने तिचा हात धरून थेट स्वतःच्या शेजारी बसवलं. पुढ्यात ताट आलं. तिने सवयीने ते किंचित कलतं करून खाली पाहिलं. ठिपका पुसलेला होता. नेलपॉलिश काढायच्या औषधाने पुसला असावा, तिथे स्टील जरा धुरकट झालं होतं. म्हणजे तेच ताट होतं आणि आता ते चालणार होतं.

हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मोहनथाळचा तुकडा मोडला, पंचशीलाच्या तोंडाजवळ नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी चुकले होते, बेटा. आता तू माझ्या रक्ताची."

खरं सांगायचं तर तिथे थांबता आलं असतं. तोंड उघडायचं, तुकडा खायचा, झालं. बाईने चूक कबूल केली होती, तीही चारचौघांत. आणखी काय हवं होतं? पण पंचशीलाला तो पुसलेला ठिपका दिसत होता. पसंत पडलं ते तिचं रक्त. बापाची कोरडी भाकरी आजही कुणाच्या खिजगणतीत नव्हती. तिने हंसाबेनचं मनगट धरून हळूच खाली केलं.

"ते रक्त माझं नाही, हंसाबेन. माझंही जुळत होतं, पण मी दिलं नाही. तुमच्या अंगात कमळाकरदादांचं रक्त आहे. त्या दिवशी सकाळी ते बोंबलाचं कालवण जेवून आले होते. तुम्हीच म्हणाला होतात, हे रक्तात असावं लागतं. आता तुमच्याही रक्तात आहे."

हॉलमध्ये वाढपी जागच्या जागी उभे राहिले. मोहनथाळचा तुकडा ताटात पडला. हंसाबेनचा हात आपोआप दुसऱ्या कोपराकडे गेला, जिथे सुई टोचली होती तिथे, आणि ती पदराने ती जागा पुसायला लागली. पुसतेय, पुसतेय. अल्पेश उठून उभा राहिला होता. पंचशीलाच्या घशाखाली गार पाणी उतरावं तसं झालं. किती दिवसांनी तिला खरी भूक लागली. तिने रोटली तोडली, कढीत बुडवली आणि सगळ्यांदेखत जेवायला लागली. चव अशी लागत होती म्हणता!

दोन घास झाल्यावर तिने मान वळवून मागच्या ओळीत पाहिलं. तिला वाटलं होतं, कमळाकर गडगडून हसेल. निदान डोळे मिचकावेल.

कमळाकरने हातातला घास ताटात परत ठेवला होता. आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो आपल्या हातांकडे बघत होता. तो उठला, मोरीवर जाऊन हात धुतले, पंच्याने पुसले, आणि बाहेर जाता जाता तिच्या ताटासमोर थांबला. आवाज चढवला नाही त्याने.

"बाय, माझं रगत घेतलंत ते जुळलं म्हनून, का मी म्हावरं खातंय म्हनून?"

पंचशीलाने हातातली रोटली ताटात ठेवली. तो न्हाय, ऱ्हाऊ दे, असं स्वतःशीच म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अल्पेशने तिला नोकरीवरून काढलं. त्याचं तिला तिळमात्र वाटलं नाही, ते धरूनच चालली होती ती. हंसाबेनला जे बोलली त्याचाही पस्तावा नव्हता. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तेच बोलली असती, शब्द न शब्द. ती डॉक्टरांच्या खोलीत आपलं सामान भरत होती, स्टेथोस्कोप, चपला, वडिलांचा छोटा फोटो. तेवढ्यात विमलाबाई आत आल्या. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कमळाकर गेटवर देऊन गेला म्हणाल्या, मी म्हटलं आत जाऊन दे, तर नको म्हणाला, अँब्युलन्समध्ये जाऊन बसला.

पंचशीलाने कापड सोडलं. आत स्टीलचा टोप होता, घासून लख्ख केलेला, आणि टोपात पळी.

"शालूने दिलाय," विमलाबाई खाली बघत म्हणाल्या. "म्हणाली, यात म्हावरं शिजवायला जीव होत नाही आणि बायला करून घालायला मन होत नाही. ज्याचं त्याला देऊन टाक."

विमलाबाई गेल्या. पंचशीला खुर्चीवर बसली. हाताला सवय लागलेली होती, तिने टोप उलटा केला आणि बुडाला पाहिलं. गॅसच्या जाळाने तांबूस झालेलं बूड, बाकी काही नाही. मग सुलटा करून मांडीवर घेतला तेव्हा काठावर बोट अडखळलं. लेकीबाळींना भांडं देताना घालतात तसं शालूने दुकानातूनच नाव घालून घेतलं होतं. टिंबाटिंबांनी कोरलेलं, जरा वाकडं. पंचशीला बाय, माहेर तारोडी.